रक्त वाढलं, बोटं गेली

"काकी, गोळी जरा वर धरा. चेहऱ्याजवळ. आणि हसा," फोटोग्राफर म्हणाला.

गावडे काकींनी लाल गोळी उचलली. ती पडली. पुन्हा उचलली, पुन्हा पडली. मग त्यांनी ती डाव्या तळहातावर घेतली, उजव्या चिमटीत दाबली आणि नजर न हलवता हळूहळू वर नेली. फ्लॅश पडला तेव्हा त्या कॅमेऱ्याकडे बघत नव्हत्या. स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या.

"नर्व्हस झाल्यात," आमच्या संस्थेचे प्रमुख किरण सर हसले. "काकी, तुम्हाला सिनेमात नाही टाकत आहोत."

"टाकल्यात तरी चलात माका," काकी म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसले. तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या पायांकडे गेलं. एका पायात चप्पल होती. दुसरा पाय उघडा.

"काकी, दुसरी चप्पल कुठाय?"

त्यांनी खाली पाहिलं. त्यांनाही ते तेव्हाच कळलं. चप्पल जिन्यात सापडली, आमच्या ऑफिसच्या खालच्या वळणावर. म्हणजे ही बाई अर्धा जिना आणि अख्खा पॅसेज एक पाय अनवाणी चालत आली होती, आणि पायाला पत्ता नव्हता.

आमचं ऑफिस साकीनाक्याला, एका वर्कशॉपच्या माळ्यावर. संस्थेचं काम असं: आसपासच्या छोट्या युनिट्समध्ये ज्या बायका काम करतात त्यांचं रक्त तपासायचं, ॲनिमिया असेल तर गोळ्या द्यायच्या, काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं. ॲनिमिया म्हणजे रक्तात हिमोग्लोबिन कमी असणं. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेतं. ते कमी पडलं की माणूस जिना चढताना धापा टाकतो, चक्कर येते, आणि घरचे म्हणतात, हिला कामाचा कंटाळा आहे. मी या संस्थेत आले ती फॉलो-अपसाठी. कॅम्प आधीच होऊन गेले होते. गोळ्या घेतल्या का, बरं वाटतंय का, हे विचारत युनिट ते युनिट फिरणं हे माझं काम. शिवाय मी कॉलेजपासून पत्रकं लिहीत आले आहे, म्हणून सक्सेस स्टोऱ्या लिहिण्याचं कामही माझ्याच गळ्यात.

गावडे काकी ही आमची सगळ्यात मोठी सक्सेस स्टोरी. कॅम्पात हिमोग्लोबिन सातच्या घरात निघालं होतं. आता अकरा. वर्षाच्या अहवालाच्या कव्हरवर त्यांचाच फोटो जाणार होता.

मी त्यांना बाजूला घेतलं. "कधीपासून होतंय हे?"

"काय होता? काय एक नाय."

"काकी."

त्या जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "गणपतीनंतर पायांक मुंग्यो येवक लागल्यो. मग हातांक. वय झाला गो, दुसरा काय."

काकींचं वय पन्नासच्या आतबाहेर. केस अजून काळे.

"दाखवलंत कुणाला?"

"नाक्यावरच्या केमिस्टान शक्तीचे कॅप्सूल दिल्यान. बी-कॉम्प्लेक्स. खाल्लंय दोन पानां." मग त्यांनी माझं मनगट धरलं. "पण शेट्येक सांगू नको हां. आधीच तो माका कामावरसून काढूक टपलोहा."

शेट्ये म्हणजे त्यांच्या युनिटचा सुपरवायझर. तिथे छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या कॉइल तयार होतात. केसाएवढी बारीक तांब्याची तार प्लास्टिकच्या रिळावर गुंडाळायची. मशीन रीळ फिरवतं, पण तारेचा ताण बोटांनी सांभाळायचा. जास्त ओढली तर तुटते, सैल सोडली तर थर नीट बसत नाहीत. काकी त्या युनिटमधल्या सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात चांगल्या वाइंडर. नवऱ्यामागे त्यांनी याच बोटांवर घर चालवलं, मुलगी शिकवली. आणि आता त्यांच्या कॉइल रिजेक्ट होऊ लागल्या होत्या. या बोटांचं काही झालं, तर काकींकडे दुसरा हुन्नर नव्हता.

मी किरण सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, काकींना हातापायाला सुन्नपणा आहे. बी-ट्वेल्व्ह तपासायला हवं."

"एचबी अकरा आहे ना त्यांचं?"

"एचबीचा प्रश्न नाही."

"सायली, आपला प्रोजेक्ट ॲनिमियाचा आहे. सुन्नपणाचा नाही. उद्या गुडघेदुखी घेऊन येशील."

किरण सर वाईट माणूस नाहीत. युनिटमालकांच्या विनवण्या करून कॅम्प त्यांनीच लावले. दुसऱ्या कुठल्या संस्थेला त्या गल्ल्यांमध्ये पाऊल टाकायचं सुचलं नव्हतं. म्हणूनच त्यांचा राग जास्त येतो. त्यांना पैसा देणाऱ्यांनी एकच प्रश्न विचारलेला असतो: आकडा किती वाढला? आणि माणूस तोच प्रश्न वर्षानुवर्षं ऐकत राहिला की त्यालाही दुसरा सुचत नाही.

मी त्यांच्यासमोरच कॅम्पच्या डॉक्टरांना फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"बी-ट्वेल्व्ह?" डॉक्टर म्हणाले. "ते शुद्ध शाकाहारींमध्ये बघायचं. या बाई मालवणी ना? मी विचारलं होतं. रोज मासे असतात म्हणाल्या. माशांतून भरपूर मिळतं. शुगर तपासा फार तर."

"बघ," किरण सर म्हणाले.

शुगर तपासली. नॉर्मल आली.

इथे थोडं थांबून सांगते, कारण ही गोष्ट कुणी नीट सांगत नाही. रक्ताच्या लाल पेशी हाडांच्या आतल्या मगजात तयार होतात. त्यासाठी लोह लागतं, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण दोन बी जीवनसत्त्वंही लागतात. एक फॉलिक ॲसिड, म्हणजे बी-नाइन. ते पालेभाज्या, कडधान्यांतून मिळतं. दुसरं बी-ट्वेल्व्ह. ते मासे, मटण, अंडी, आणि थोडं दूध-दह्यातून. भाजीपाल्यात ते नाही. या तिघांतलं एकही कमी पडलं तर ॲनिमिया होतो. आमच्या कॅम्पात लोहाची लाल गोळी देत आणि सोबत फॉलिकची छोटी पिवळी, चांगल्या मोठ्या डोसची. दोन्ही औषधं चांगली आहेत. वाद औषधांशी नाही. तिसऱ्याची चौकशी न करता दुसरं देण्याशी आहे.

काकी मासे खात असतील तर डॉक्टरांचं बरोबर होतं. माझ्याकडे फक्त ती जिन्यातली चप्पल होती.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. काकी जोगेश्वरीला राहतात, माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. दारातच बांगड्याच्या तिखल्याचा वास आला. मुलगी मानसी मोबाइल घेऊन पलंगावर लोळत होती. ती घाटकोपरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात काम करते, रविवारची सुट्टी तिला कधीतरीच मिळते.

"बस गो, जेवन जा," काकी म्हणाल्या. "आता नाय म्हणू नको. तुझ्यासाठी दोन तुकडे जास्त तळलंय."

मी कशाला नाही म्हणू? काकींनी आम्हा दोघींना वाढलं. तळलेला बांगडा, तिखलं, भात, सोलकढी. तव्यावरचा मासा त्या चिमट्याने उलटत होत्या. हाताने उलटायच्या, मानसी म्हणाली, पण मागे एकदा बोट तव्याला टेकून राहिलं आणि वास आल्यावर कळलं.

"त्यावर तू काय केलंस?" मी मानसीला विचारलं.

"मी काय करणार? चिमटा आणून दिला." ती थोडी ओशाळली. "ती म्हणाली, लक्ष नव्हतं."

मग काकी आपलं ताट घेऊन बसल्या. भात, वरण, लिंबाची फोड. बाजूला कोबीची भाजी.

मी त्या ताटाकडे बघत राहिले.

"काकी, मासे?"

"मी खायत नाय."

"आज रविवार आहे."

"अगं, ती कधीच नाही खात," मानसी तोंडात घास असतानाच म्हणाली. "मी दुसरीत होते तेव्हापासून. अंडंपण नाही. मला डेंग्यू झाला होता ना, आयसीयूत होते. तेव्हा हिने गावच्या देवीला नवस बोलला. पोरगी घरी आली तर मासे सोडीन."

"इली ना घरी?" काकी म्हणाल्या. "मग झाला तर."

"दूध घेता?"

"चायत पडता तेवढा."

मी हातातला घास खाली ठेवला. "काकी, कॅम्पात डॉक्टरांनी विचारलं होतं ना, मासे खाता का?"

"होय. मी सांगितलंय, रोज असतत. खोटा सांगूक नाय. रोज असततच." त्यांना माझा प्रश्नच कळेना. "आमच्याकडे मासे नसले तर ह्या चेडवाक घास उतरना नाय."

"पण तुम्ही खात नाही, हे का नाही सांगितलंत?"

"ता माका कोणी विचारल्यानच नाय. आणि नवस काय असो चारचौघांत सांगत फिरूचो असता?"

ते ऐकून मला जो राग आला तो काकींचा नव्हता. त्या खोटं बोलल्या नव्हत्या. आमच्या घरांमधल्या बाईला 'तुम्ही काय खाता' विचारलं की ती घरात काय शिजतं ते सांगते. तिला प्रश्न तसाच ऐकू येतो. 'तुम्ही' म्हणजे तिच्या लेखी घर. आणि आडनाव ऐकून, बोली ऐकून ज्याने आधीच उत्तर ठरवलेलं असतं, त्याला ते उत्तर पटकन पटतं. गावडे, मालवणी, मासे. पुढची बाई बोलवा.

"म्हणजे आईला माझ्यामुळे झालं हे?" मानसीने विचारलं. ताट तसंच होतं.

"गप जेव," काकी तिच्यावर ओरडल्या. "तुझ्यामुळे काय? डासामुळे."

दुसऱ्या दिवशी मी किरण सरांना न विचारता काकींना घेऊन पालिकेच्या हॉस्पिटलात गेले. रांग लांब होती. पण तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, आणि त्यांनी घाई केली नाही. स्टीलचा चिमटा असतो तसा एक ट्यूनिंग फोर्क वाजवून त्यांनी काकींच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवला.

"थरथर जाणवते?"

"नाय."

घोट्यावर टेकवला. "आता?"

"नाय."

गुडघ्यावर टेकवला तेव्हा काकी म्हणाल्या, "हां, आता कायतरी."

मग मॅडमनी त्यांना पाय जुळवून उभं राहायला सांगितलं. काकी उभ्या राहिल्या. "आता डोळे मिटा." काकींनी डोळे मिटले आणि कापलेलं झाड कलावं तशा एका बाजूला कलल्या. मी आणि मॅडमनी दोन्हीकडून धरलं.

"डोळे उघडे असले की डोळ्यांनी तोल सांभाळतात," मॅडम मला म्हणाल्या. "पाय कुठे आहेत हे पाय सांगतच नाहीत." मग गोळ्यांची पानं पाहिली. "ही पिवळी किती महिने चालू आहे?"

"कॅम्पपासून रोज."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि बी-ट्वेल्व्ह?"

"तपासलं नाही. मासे खातात असं धरलं होतं."

"कोणी धरलं?"

"कॅम्पात," एवढंच मी म्हणाले. ऑफिसची लाज राखण्यासाठी नव्हे. उत्तर लांबलचक होतं आणि बाहेर रांग होती.

रिपोर्ट आला. बी-ट्वेल्व्ह जवळजवळ संपलेलं होतं. तेव्हा मॅडमनी काकींना समोर बसवून सगळं समजावलं. रक्त बनवायच्या कामात फॉलिक आणि बी-ट्वेल्व्ह जोडीदार आहेत. बी-ट्वेल्व्ह नसलं तरी फॉलिक भरपूर मिळालं की ते काही काळ एकट्याने काम उरकून नेतं. म्हणून रक्त वाढलं, धाप थांबली, सगळे खूश झाले. पण नसांवर एक आवरण असतं. ते सांभाळण्याचं काम बी-ट्वेल्व्हचंच. तिथे फॉलिक काही करू शकत नाही. रक्ताचा आकडा वर जात होता आणि आतून नसा उघड्या पडत होत्या. रक्त कमी राहिलं असतं तर कुणीतरी पुढची तपासणी केली असती. आकडा चांगला आला म्हणून कुणी पाहिलंच नाही.

"आणि त्या बी-कॉम्प्लेक्सच्या कॅप्सूल?" मी विचारलं.

"त्यात बी-ट्वेल्व्ह असतं, पण यांच्यासाठी ते पुरेसं नाही. नसांपर्यंत गेलंय प्रकरण. आता इंजेक्शनं."

काकी इतका वेळ आपल्या हातांकडे बघत होत्या. "आमच्या तारेर इनॅमल असता," त्या म्हणाल्या. "पातळ लेप. तो खरवडलो तर तार दिसता बरी, पण कॉइल जळता. तसाच मा?"

"अगदी तसंच," मॅडम म्हणाल्या.

"मग ती तार आम्ही टाकून देतंव."

मॅडम इंजेक्शनाची चिठ्ठी लिहू लागल्या. काकी पुढे वाकल्या. "बाय, ह्येच्यात मासो-बिसो नाय मा?"

"नाही हो. हे जिवाणूंपासून तयार करतात. तुमचा नवस मोडत नाही. तुम्ही इंजेक्शन मोडू नका, म्हणजे झालं."

म्हणजे नवसही राहिला असता आणि बोटंही. दोन्ही एकत्र ठेवायची सोय जगात होती, आणि स्वस्त होती. हेच मला सहन होत नाही.

"बोटं येतील परत?" मी बाहेर जाता जाता हळूच विचारलं.

"थोडी येतील. किती, ते आता सांगता येणार नाही. लवकर आणलं असतंत तर जास्त सांगितलं असतं."

ऑफिसात परतले तर कव्हरचं प्रूफ टेबलावर होतं. मी किरण सरांना सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. चेहराही पडला त्यांचा.

"फोटो कव्हरवरून काढून टाकू आपण," ते म्हणाले. "बरोबर नाही दिसणार."

"आणि सक्सेसमध्ये मोजणी?"

"आकडा खोटा आहे का? सात होतं, अकरा झालं."

"आकडा खरा आहे."

"मग?"

"सर, बाईला रीळ धरता येत नाही."

"ते आपल्या इंडिकेटरमध्ये नाही, सायली." ते चिडून नाही बोलले. थकून बोलले. "तू सांग, मी कुठल्या कॉलममध्ये लिहू?"

मी म्हटलं, नवा कॉलम करा. ते म्हणाले, कॉलम वरून ठरतात. मी म्हटलं, निदान कॅम्पात एक प्रश्न बदला. ते म्हणाले, प्रश्न डॉक्टर विचारतात. असं आम्ही बराच वेळ बोललो. शेवटी एवढंच ठरलं की फॉलो-अपला मी मला हवं ते विचारावं, आणि मुंग्या, सुन्नपणा, तोल जाणं असं काही निघालं तर हॉस्पिटलात पाठवावं. कॅम्पात मात्र जुनंच चालू राहील. हा विजय आहे की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

इंजेक्शनं आधी रोज, मग आठवड्याला, आता महिन्याला. मानसी न चुकता घेऊन जाते. काकींच्या पायांत बरीच सुधारणा आहे. मागे पट्टा असलेल्या सँडल घालून त्या नीट चालतात. हिमोग्लोबिन बारावर गेलंय. हातांच्या मुंग्या गेल्या. पण बोटांच्या टोकांना जी बारीक जाणीव लागते ती आली नाही. हॉस्पिटलातल्या मॅडम आता तिची आशाही दाखवत नाहीत.

शेट्येने काकींना कामावरून काढलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. वाइंडिंगच्या बाकावरून उठवलं आणि पॅकिंगला बसवलं. तयार कॉइल खोक्यात भरायच्या, वर चिकटपट्टी लावायची. गेल्या आठवड्यात मी युनिटमध्ये गेले तेव्हा त्यांच्या जुन्या बाकावर एक नवी मुलगी बसली होती. तार सारखी तुटत होती. काकी खोकं बाजूला ठेवून तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या.

"ओढू नको गो. तार तुटूच्या आधी हाताक सांगता. ऐक तिचा."

"कसं ऐकू, काकी? तुम्ही दाखवा ना."

काकींनी हात पुढे केला. तार चिमटीत घेतली. मशीन फिरलं आणि तार तटकन तुटली. मुलगी हसली, तिला वाटलं काकी मस्करी करतायत. काकीही हसल्या आणि खोक्यांकडे परत गेल्या.

तुमच्या घरातली कुणी बाई हातापायाला मुंग्या येतात म्हणत असेल, तर वय झालं म्हणू नका. बी-ट्वेल्व्ह तपासा, आणि फॉलिकच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. हिमोग्लोबिन चांगलं आलं म्हणून थांबू नका. आणि ती काय खाते हे तिला विचारू नका. तिच्या शेजारी जेवायला बसा आणि तिच्या ताटात बघा.